नानांच्या शिक्षणाचा खर्च

आमच्या घरात लग्नकार्य असो की कुणाच्या दहावी-बारावीचे पेढे असोत, माझ्या चुलत्यांची, म्हणजे नानांची गोष्ट निघतेच. सांगून सांगून तिचा साचा पक्का झाला आहे. माण तालुक्यातलं कोरडवाहू गाव, अनवाणी पायपीट, रॉकेलची चिमणी, साताऱ्याचं बोर्डिंग, बी. ए., बी. एड. आणि शेवटी हायस्कूलचे मुख्याध्यापक. सांगणारा अखेरीस समोरच्या पोराकडे बघतो आणि म्हणतो, "जिद्द असली की सगळं होतं." पोरगं मान हलवतं.

गोष्ट खरी आहे, नानांची जिद्दही खरी आहे. तरी हल्ली ती ऐकताना मला राहवत नाही. या गोष्टीत नाना एकटेच चालत असतात. घर कुठे गेलं? त्या घरात माझे आजोबा-आजी होते, थोरली आक्का होती, मधले माझे वडील होते. नानांच्या शिक्षणाचा खर्च कुणीतरी भरलाच असणार. तो पैशात कमी आणि माणसांत जास्त भरला गेला, म्हणून त्याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे, तिथे पाऊस नको नको म्हणायला लावतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमचा माण आहे. सह्याद्रीने ढग अडवून धरल्यावर जे उरतं ते आमच्याकडे येतं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तेही त्याच्या मर्जीने. बाजरी, हुलगा, मटकी, थोडी ज्वारी. हाताशी शेरडं-मेंढरं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि खर्डा. तेव्हा गावातली निम्मी माणसं मुंबईच्या गिरण्यांत असायची. अशा मुलखात पोराला शाळेत घालणं म्हणजे फीचा प्रश्न नसतो. शाळेत गेलेलं पोरगं दिवसभर राबायला मिळत नाही, हा खरा प्रश्न असतो.

आजोबांची तीन मुलं जगली. सर्वांत मोठी आक्का शाळेत गेलीच नाही. तो विषयच कुणाच्या डोक्यात आला नाही. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. आमची आक्का उरलेल्या एक्क्याण्णवांतली. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिसरीपर्यंत गेले. नाना शाळेत जायच्या वयाचे झाले तेव्हा दादांची शाळा सुटली. आजोबांनी त्यांना मारून-झोडून काढलं नाही. दादांनीच मला सांगितलं होतं, "दोघंबी शाळंत गेलो तर शेरडं कोण वळील? नानाला डोकं हुतं. मास्तर म्हणलं, ह्याला ठेवा." एवढंच. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडूपणा नव्हता आणि त्यागाचा आवही नव्हता. शेरडं कुणीतरी वळायला हवीच होती.

गरीब घरात शिक्षण असंच ठरतं. घर एकाची निवड करतं. कधी मास्तर सांगतो म्हणून, कधी तो धाकटा आणि अशक्त असतो म्हणून, कधी तेवढ्यापुरता पाऊस बरा झालेला असतो म्हणून. निवडलेल्याला पुढे जावंच लागतं. न निवडलेल्याला मागे राहून त्याच्या वाटचं काम उचलावं लागतं. जिद्द दोघांनाही लागते. पहिल्याची जिद्द गुणपत्रिकेवर उमटते, दुसऱ्याची उमटायला कागदच नसतो.

ही काही फक्त आमच्या घरची तऱ्हा नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात एक तपशील आहे, तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. मुलाला पुस्तकांची ओढ, आणि वडिलांचं, म्हणजे रामजी सुभेदारांचं, पेन्शन तुटपुंजं. मग ते मुंबईत सासरी असलेल्या आपल्या मुलींकडे जायचे. पैसे उसने मागायचे, आणि मुलीकडे पैसे नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन तो मारवाड्याकडे गहाण टाकायचे. पेन्शन हाती आलं की दागिना सोडवून परत द्यायचे. भीमरावांच्या हातात पुस्तक पडायचं ते असं. मंजुळा आणि तुळसा या त्या बहिणी. ज्ञानाच्या त्या अफाट इमारतीच्या पायात त्यांचे दागिने आहेत, आणि त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

चौथीपर्यंतची शाळा गावात होती. पाचवी ते सातवीला शेजारच्या गावी चालत. तिथपर्यंत दादांनी शेरडं वळली आणि आक्काने पाण्याच्या घागरी वाहिल्या, की भागत होतं. आठवीला मात्र तालुक्याच्या गावी राहायला हवं. राहायला म्हटलं की खोली आली, जेवण आलं. सातवीला गाव संपतं आणि पुढची शाळा एका मुक्कामाच्या अंतरावर असते, तिथे किती पोरं गळाली असतील याची गणतीच करता येणार नाही. नाना गळाले नाहीत, कारण त्या गावात रयत शिक्षण संस्थेचं वसतिगृह होतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं मोठेपण सांगताना आपण शाळांचा आकडा सांगतो. मला त्यांची दृष्टी त्याहून मोठी वाटते. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्याला त्यांनी संस्था काढली आणि लगोलग वसतिगृहं काढली. पाच वर्षांनी ते साताऱ्याला आले, तिथेही वसतिगृहच सुरू केलं. खेड्यातल्या पोराला फळा-खडू मिळण्याआधी भाकरी आणि पथारीपुरती जागा मिळायला हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. पोरांनीच स्वयंपाक करायचा, पाणी आणायचं, शेतात राबायचं. लोकांकडून धान्य मागून आणायचं. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद नंतर भिंतींवर लिहिलं गेलं, पण आधी ते पोरांच्या हातांना पडलेल्या घट्ट्यांत होतं.

आणि तिथेही एक बाई आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सुखवस्तू घरातून आलेल्या या बाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. कोठीत काही उरलं नाही तेव्हा मंगळसूत्रही गेलं. सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी आईच्या मायेनं सांभाळलं. १९३०मध्ये त्या गेल्या. त्यांनी वाढवलेलं वसतिगृह पुढे किती पसरलं हे त्यांनी पाहिलं नाही.

नाना वसतिगृहात राहिले, आणि फीचंही निभावलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ही सवलत खेड्यांत 'ईबीसी' या तीन अक्षरांनीच ओळखली जायची. आजोबांचं उत्पन्न बाराशेच्या कितीतरी खाली होतं. पण ते खाली आहे असा दाखला लागायचा, आणि त्या दाखल्यासाठी शेतातलं काम टाकून त्यांना तालुक्याला खेपा घालाव्या लागल्या. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना तीनदा परत पाठवलं. चौथ्या खेपेला दादा बरोबर गेले आणि दाखला हातात पडेपर्यंत कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. शेरडं त्या दिवशी आक्काने वळली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण शिकलेल्यांच्या गोष्टी अशा सांगतो की जणू गरीब पोराने भिंतीला डोकं आपटून आपटून भिंत पाडली. नानांसमोरची भिंत त्यांच्या डोक्याने पडली नाही. तिला दार करून ठेवलेलं होतं. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातीजमातींसाठी वसतिगृहं उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. भाऊराव तर कोल्हापूरच्या त्याच हवेत वाढले. इतक्या जणांनी ऐंशी-नव्वद वर्षं खपून ते दार कोरलं, तेव्हा कुठे माणच्या एका पोराला त्यातून जाता आलं. पोराचं पाऊल त्याचं स्वतःचं होतं, यात मला कमीपणा आणायचा नाही. पण दार विसरलो, तर पुढच्या पोराला आपण 'जिद्द कर' एवढंच सांगत बसू.

१९६६च्या चैत्रात नानांनी अकरावीची परीक्षा दिली. निकाल लागायला अजून वेळ होता. दादांनी लहानपणापासून वाढवलेला एक खिलार खोंड घरात होता. पांढराशुभ्र, अंगाने ताठ आणि नजरेने तिखट. आमच्याकडे घराची पत भिंतींवरून नव्हे, दावणीवरून ठरते. पुढच्या वर्षी त्याला जोड मिळाली असती तर घराची स्वतःची बैलजोडी झाली असती आणि पेरणीला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. आजोबांनी तो खोंड खरसुंडीच्या चैत्री यात्रेत विकला. नाना पास होतील की नाही हे कळायच्या आत. दादा खोंडाबरोबर चालत खरसुंडीला गेले आणि दावं हातात घेऊन परत आले. त्या पैशातून नानांचे दोन जोड कपडे, एक वळकटी, ट्रंक आणि साताऱ्याला पहिले काही महिने लागणारे पैसे झाले. दादांनी त्यानंतर कित्येक वर्षं वारंगुळ्याने पेरणी केली, म्हणजे दुसऱ्याचा बैल आणि आपला घाम.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना होती. कॉलेज १९४७चं, पोरांनी श्रम करून शिकावं ही कर्मवीरांची कल्पना तिथे रोजच्या वेळापत्रकात होती. नाना पहाटे मळ्यात पाणी पाजायचे, मग तास, मग पुन्हा काम. त्यांना त्या कामाचं काही वाटलं नाही. घरी तेच करत होते, आणि घरी त्याचे पैसे मिळत नव्हते. जड गेलं ते इंग्रजी. आणि जड गेली ती रात्र, कारण घरचं पत्र यायचं नाही. पत्र लिहिणार कोण? तिसरी शिकलेले दादा मोडकंतोडकं चार ओळींचं कार्ड टाकायचे. त्यात सगळं खुशाल असायचं. आजी दोन महिने अंथरुणाला खिळून होती तेव्हाही कार्डात सगळं खुशालच होतं.

आता सांगतो ती गोष्ट लग्नकार्यात सांगितली जात नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवाळीत नानांनी एका मित्राला घरी आणलं. खोली एक, मळ्यातली पाळी एक, असा जिवाभावाचा मित्र. तो दुसऱ्या गावच्या महारवाड्यातला होता. आजीने त्याला भाकरी वाढली, पण वेगळ्या जर्मनच्या ताटलीत, आणि ओसरीच्या कडेला. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या ताटातली भाकरी उचलून त्या ताटलीत ठेवली आणि तिथेच बसून दोघं एकत्र जेवले. आजी चुलीपाशी जाऊन बसली. आजोबांनी वर बघितलं आणि फक्त म्हणाले, "जेवू द्या पोरांना." नंतर भावकीत बोलणं झालं. दोन घरच्या बायकांनी आमच्याकडे हळदी-कुंकवाला येणं सोडलं. आजीला ते फार लागलं. तरी पुढच्या दिवाळीला तो मित्र आला तेव्हा ती ताटली निघाली नाही, चौघांची ताटं एका ओळीत मांडली गेली.

आमच्या घरात शिक्षण आलं ते त्या दिवशी, असं मला वाटतं. पगार पुष्कळ नंतर आला. आणि याच ठिकाणी मला आमच्या गरिबीकडे नीट बघावंसं वाटतं. आम्ही गरीब होतो, पण गावच्या विहिरीवर आमच्या घागरीला कुणी अडवत नव्हतं. आमच्या शेजारच्या आटपाडीत शंकरराव खरात जन्मले, गावकीची तराळकी करणाऱ्या घरात, आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या वाटेवर आमच्या नानांच्या वाटेवरचे सगळे काटे होते, आणि वर आणखी एक डोंगर होता. दोघांच्या गोष्टीला आपण 'गरिबीवर मात' असं एकच नाव देतो, ते बरोबर नाही. नानांच्या मित्राला भूक तर होतीच, शिवाय प्रत्येक ओसरीवर आपली ताटली कोणती निघते हे बघत जेवायला बसायचं होतं.

बी. ए., मग बी. एड. करून १९७१च्या जूनमध्ये नाना एका हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. १९७२चा. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यासाठी तो नुसता 'बहात्तर' असतो. बाजरी उगवलीच नाही. विहिरींनी तळ दाखवला. दादा आणि माझी आई दुष्काळी कामावर गेले. रस्त्याची खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची. खायला परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी. आईच्या बोटांची नखं त्या वर्षी खडीने गेली, ती पुन्हा सरळ आली नाहीत.

दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. आजी अंगठा उठवायची. नानांनी स्वतःसाठी किती ठेवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही; त्यांच्याबरोबर राहिलेल्या एका शिक्षकाने मला सांगितलं की त्या वर्षी नाना एकवेळ जेवत होते. त्या मनीऑर्डरींमुळे घरातली दोन जित्राबं छावणीत जगली आणि जमीन गहाण पडली नाही. आजूबाजूच्या किती घरांच्या जमिनी त्या वर्षात गेल्या हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खरसुंडीला विकलेला खोंड असा परत आला.

नानांचं लग्न झालं आणि काकू घरात आल्या. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. गावाकडून आधी आक्काचे दोन मुलगे शिकायला आले, मग मी आलो, मग आईकडचा एक मामेभाऊ. आम्हाला बोलवायचं हे नानांनी ठरवलं असेल, आमच्या भाकरी मात्र काकूंनी थापल्या. पहाटे उठून स्टोव्हला पंप मारायचा आवाज यायचा. त्यांना स्वतःला शिवणकामाचा कोर्स करायचा होता. एका संस्थेत फॉर्मही भरला होता. इतक्या जणांचा स्वयंपाक टाकून दुपारी जाणार कशा? तो कोर्स राहिला. काकू आम्हाला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. आमच्यातला कुणी आज बँकेत आहे, कुणी एस. टी.त, कुणी माझ्यासारखा लिहिणारा. आम्ही सगळे म्हणतो, नानांनी शिकवलं. काकूंचं नाव घ्यायला आम्हाला फार वर्षं लागली.

एवढं सगळं कळल्यावर मी मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा आक्काजवळ बसलो. आता ती चौऱ्याऐंशीच्या घरात आहे, कान चांगले आहेत. बोलता बोलता तिने मला अपूर्णांकांच्या पाढ्यांतली पावकी म्हणून दाखवली, मग निमकी, मग पाऊणकी. अडखळली नाही. मी चकित झालो. "तुला कुठून येतंय हे?" ती म्हणाली, "नाना सांजच्याला मोठ्यानं म्हणायचा. म्या भाकरी करायची. म्हणून म्हणून माझं पाठ झालं, त्येचं नंतर झालं." सगळ्यांत आधी तिचं पाठ झालं होतं. मी विचारलं, तुला शाळेत जावंसं वाटत होतं का. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "मला कुणी इचारलंच न्हाई. आता तू इचारतुयास."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. नानांना मी ते सांगितलं तेव्हा तेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आक्का माझ्यापेक्षा हुशार होती. मला ते तेव्हाही माहीत होतं." पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, इतकी वर्षं शाळा चालवलेला. ते वाक्य उच्चारायला त्यांना किती जड गेलं हे मी बघत होतो.

या वर्षी आक्काच्या पणतीला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४पासून राज्याने पूर्ण माफ केली आहे. फार चांगलं झालं. पण घरात चार दिवस जी चर्चा चालली ती फीची नव्हतीच. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नाही. बाहेर कॉट बेसिसवर राहायचं तर आधी डिपॉझिट, मग महिन्याचं भाडं, मेस, बस, लॅपटॉप. म्हणजे इतकी वर्षं गेली तरी अडलं ते तिथेच, भाकरीपाशी आणि पथारीपाशी. शंभर वर्षांपूर्वी भाऊरावांना जे दिसलं होतं ते आजही तितकंच खरं आहे. फी माफ करणाऱ्या प्रत्येक आदेशाबरोबर जेवणासह राहण्याची जागा मिळाली पाहिजे, हे आपण जोर लावून मागायला हवं. ज्या घरांनी बैल विकून, दागिने गहाण टाकून, एका मुलाची शाळा थांबवून दुसऱ्याला शिकवलं, त्यांच्या पुढच्या पिढीला तरी पुन्हा निवड करायला लागू नये.

नानांनी मेसचे पैसे आपल्या पेन्शनमधून द्यायचं ठरवलं. डिपॉझिट आम्ही चुलतभावंडांनी वाटून घेतलं. लॅपटॉपचं बघू म्हणून ठरलं. पोरीला एक मोठा भाऊ आहे. बारावी झाल्यावर तो घरी थांबला, खडी क्रशरवर कामाला जातो. सगळे म्हणाले, त्याची मिळकत आहे म्हणून हे निभतंय, तो आहे तोवर काळजी नाही. तो दाराशी उभा राहून ऐकत होता.

आक्का तिच्या जागेवरून म्हणाली, "त्येला इचारलं का कुणी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग नानांनी त्याला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि विचारलं. तो आधी काहीच नको म्हणाला. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करायचा होता, तालुक्यातच आहे, पण दिवसाचं काम सुटेल म्हणून बोललो नाही. नानांनी कागद घेतला आणि क्रशरवरचा रोज बुडाला तर महिन्याला किती कमी पडतील याची बेरीज मांडली. ती रक्कम आम्हा सगळ्यांत वाटून घेण्याइतकीच निघाली. दुसऱ्या दिवशी त्याचा ऑनलाइन फॉर्म भरला. पहिल्या यादीत त्याचं नाव आलं नाही. दुसरी यादी अजून लागायची आहे. नाहीच लागलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरायचा, आणि तोवर क्रशरवर त्याने अर्धाच दिवस जायचं, असं नानांनी त्याच्या वडिलांकडून कबूल करून घेतलं आहे.